देवाच्या दारातली दगडी पाटी: इजिप्तचे लोक ती का उभी करत?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तुरिनच्या इजिप्त संग्रहालयात तुम्ही वीतभर उंचीची, वरून गोल, कान कोरलेली एक पाटी पाहिलीत. शेजारी माहिती एवढीच होती की हा 'देवाला वाहिलेला शिलापट' आहे. म्हणून तुम्ही विचारलंत: हा नवस फेडल्याचा दगड का? ते कान कुणाचे? आणि असा दगड साध्या माणसाला परवडायचा का?

थोडक्यात उत्तरं आधी देते. नवस फेडल्याच्या म्हणून छातीठोकपणे सांगता येईल अशा पाट्या थोड्याच आहेत. बहुतेक पाट्या काहीतरी मागणाऱ्या किंवा देवासमोर नुसती हजेरी लावणाऱ्या. कान जवळपास नेहमी देवाचे. परवडण्याचं म्हणाल, तर ज्या सुबक पाट्या आपण काचेआड पाहतो त्या पगारदार कारागिरांच्या, कारकुनांच्या, सैनिकांच्या आहेत. शेतात राबणाऱ्याच्या क्वचितच. पण तिन्ही उत्तरांत बरेच पदर आहेत, आणि खरी गोष्ट त्या पदरांतच आहे.

दगडी शिल्पांचं जतन हा माझा व्यवसाय. चुनखडीच्या अशा पाट्या टेबलावर आडव्या ठेवून, एका बाजूने तिरपा दिवा लावून तासन्‌तास न्याहाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातून लागलेली एक सवय तुम्हालाही सुचवते: पाटी खालून वर वाचा. नजर साहजिकच आधी वर जाते, कारण देव वर असतो आणि मोठाही असतो. पण ही पाटी घडली कशासाठी, ते खालच्या पट्ट्यात कळतं. तिथे गुडघे टेकून, हात वर करून बसलेला माणूस असतो. त्याच्या मागे बायको, मुलं, कधी म्हातारी आई. प्रत्येकाच्या डोक्याशी नाव कोरलेलं. हा सारा खटाटोप त्या नावांसाठी आहे. माणूस घरी गेला, कामाला गेला, मेला, तरी त्याचं नाव आणि त्याचे उंचावलेले हात देवासमोर तसेच राहावेत, यासाठी पाटी.

रचना बघू. वरचा काठ गोल असतो, तो आकाशाच्या कमानीसारखा. त्याखाली पंख पसरलेलं सूर्यबिंब किंवा दोन डोळे. मग देव, बहुधा डावीकडे, तोंड उजवीकडे करून. त्याच्यापुढे अर्पणाचं मेज: भाकरी, कमळं, घडा. माणूस उजवीकडे देवाकडे तोंड करून, नाहीतर खालच्या पट्ट्यात. मजकुराची सुरुवात ठरलेली असते: अमुक देवाची स्तुती करणे, त्याच्यासमोर भुईचं चुंबन घेणे. मागणंही ठरलेलं: आयुष्य, भरभराट, आरोग्य, हातात कसब, लोकांत मान, आणि शेवटी चांगलं दफन. सगळ्यांत खाली 'हे अमुक याने केले'.

कबरीतली पाटी आणि देवाला वाहिलेली पाटी यांत गल्लत होते, कारण आकार एकच. ओळखायची खूण सोपी आहे. कबरीच्या पाटीवर मृत माणूस स्वतः खुर्चीवर बसून अर्पण घेत असतो. देवाला वाहिलेल्या पाटीवर तो देणारा असतो. अबायडोसमध्ये मात्र ही रेघ पुसट होते. तिथे ओसायरिस या मृतांच्या देवाच्या यात्रेच्या मार्गालगत मध्य राज्याच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व 2000 नंतरच्या काही शतकांत, लोकांनी छोट्या छोट्या देवळ्या बांधून त्यांत पाट्या बसवल्या. त्यातल्या कित्येकांचं दफन दुसरीकडेच झालं होतं. वर्षाकाठी देवाची मिरवणूक समोरून जाईल, अर्पणाचा वास येईल, तेव्हा आपण तिथे असावं, एवढ्यासाठी ते दगड. राजा तिसरा सेनुस्रेत याच्या 19व्या राज्यवर्षी राजाच्या आज्ञेने तिथे गेलेल्या इखेरनोफ्रेत या खजिनदाराने आपल्या पाटीवर त्या उत्सवाचं वर्णनच कोरलं आहे. ती आज बर्लिनमध्ये आहे. काही पाट्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला थेट हाक मारतात: जिवंत माणसांनो, माझ्यासाठी भाकरी आणि बिअर असं नुसतं म्हणा, तोंडाच्या वाफेखेरीज तुमचं काही खर्ची पडत नाही.

आता मूळ अडचण लक्षात घ्या. इजिप्तचं मोठं देऊळ हे सर्वांनी आत जाऊन दर्शन घ्यायचं ठिकाण नव्हतं. गाभाऱ्यात पुजारी जात, तेही शुद्धी करून, आणि तत्त्वतः राजाच्या वतीने. बाकीच्यांना बाहेरची अंगणं, दरवाजे, भिंतींची बाहेरची बाजू, आणि सणाच्या दिवशी खांद्यावरच्या नौकेत झाकून नेलेली मूर्ती. मग आपलं गाऱ्हाणं आत पोचवायचं कसं? यावर त्या लोकांनी बरेच मार्ग काढले. थीब्स (आजचं लक्सर) इथे कर्नाकला आमून या मुख्य देवाचं मोठं देऊळ होतं. त्याच्या मागच्या, पूर्वेकडच्या भिंतीला लागून 'प्रार्थना ऐकणारा आमून' यासाठी वेगळं देऊळ होतं, आणि तिथेच तो एकटा उंच स्तंभ उभा होता जो आज रोममध्ये लॅटरन चौकात आहे. कर्नाकच्याच दहाव्या दरवाजापाशी हापूचा मुलगा आमेनहोतेप या राजाच्या बड्या अधिकाऱ्याचे मांडी घालून बसलेले पुतळे होते. त्यांवरचा लेख सांगतो: आमूनला पाहू इच्छिणाऱ्यांनो, माझ्याकडे या, तुमचं मागणं मी आत पोचवतो. त्याच्या मांडीवर कोरलेल्या पपायरसच्या (त्या काळच्या कागदाच्या) गुंडाळीचा दगड माणसांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. जतन करणाऱ्या माणसाला झीज म्हणजे नुकसान वाटायला शिकवलेलं असतं; इथली झीज मात्र त्या शिल्पाच्या वापराचा पुरावा आहे, आणि ती भरून काढायचा विचारही कुणी करू नये.

पाटी हा याच मार्गांपैकी एक. आणि तो सर्वांत नीट कुठे समजतो, तर देइर अल-मदीनाला.

थीब्सला, नाईलच्या पश्चिम काठावर, राजांच्या दरीतल्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. भिंतीच्या आत साधारण 70 घरं. नव्या राज्याच्या (इसवी सनपूर्व सुमारे 1550 ते 1070) 18व्या ते 20व्या घराण्यापर्यंत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षं ते नांदतं होतं. 1905 ते 1909 दरम्यान एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांनी आणि 1922 पासून पुढे जवळपास तीन दशकं बेर्नार ब्रुयेर यांनी तिथे उत्खनन केलं. पण पुष्कळशा पाट्या त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पडल्या होत्या. द्रोवेत्ती या फ्रान्सच्या वाणिज्यदूताचा संग्रह 1824 मध्ये तुरिनला गेला, आणि तुम्ही पाहिलेल्या संग्रहालयाचा पाया तो. दुसरा मोठा वाटा लंडनला. त्या घाईच्या गोळाबेरजेत कोणती पाटी कोणत्या देवळीत, कोणत्या कोनाड्यात होती हे कुणी टिपून ठेवलं नाही. हे मला फार लागतं. दगड वाचला आणि जागा हरवली, तर अर्धी गोष्ट गेलीच.

या गावावर एक डोंगर आहे, पिरॅमिडसारख्या टोकाचा. त्यात राहणारी देवी मेरेतसेगेर, नागिणीच्या रूपातली. गावातून राण्यांच्या दरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर तिची आणि कारागिरांचा देव प्ताह याची खडकातली देवळं आहेत. रोज कामाला जाताना ज्या डोंगराच्या पोटात छिन्नी चालवायची, त्याच डोंगराच्या देवीपुढे हे लोक हात जोडत. साप आणि विंचू तिथे रोजचेच होते, त्यामुळे ही भक्ती हवेतली नव्हती.

नेफेराबू नावाच्या कारागिराने, दुसऱ्या रामेसिसच्या काळात, तिला वाहिलेली पाटी तुरिनमध्येच आहे. तो लिहितो, मी अडाणी होतो, बरंवाईट कळत नव्हतं, शिखराविरुद्ध (म्हणजे या देवीविरुद्ध) मी अपराध केला आणि तिने मला धडा शिकवला. रात्रंदिवस मी तिच्या हातात होतो. बाळंत होणारी बाई विटांवर बसते तसा बसलो. वाऱ्याला हाक मारली, तो आला नाही. मग तो गावातल्या लहानथोरांना बजावतो की शिखरापासून जपून राहा, तिच्यात सिंह आहे. आणि शेवटी सांगतो की मी तिला हाक मारल्यावर ती गोड वाऱ्यासारखी आली.

याच नेफेराबूची दुसरी पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, प्ताहला वाहिलेली. तिच्यावर अर्पणाच्या मेजाच्या वर कान आणि डोळे कोरले आहेत. मागच्या बाजूला कबुली: सत्याचा स्वामी प्ताह याची खोटी शपथ मी घेतली, म्हणून त्याने मला भरदिवसा अंधार दाखवला, रस्त्यावरच्या कुत्र्यासारखं केलं. तो अंधार म्हणजे खरंच आंधळेपण, की देवाने पाठ फिरवल्याची भावना, यावर अभ्यासकांत वाद आहे. धुळीच्या बोगद्यात दिव्याच्या उजेडात काम करणाऱ्यांचे डोळे बिघडत असणार, म्हणून मला आंधळेपणाचा अर्थ अगदी सोडवत नाही. पण हेच शब्द इतक्या पाट्यांवर येतात की तो ठरलेला वाक्प्रचारही झाला असावा. दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत काय?

आता नवसाचा प्रश्न. आपल्याकडे नवस बोलतात आणि फेडतात, त्याच्याशी तंतोतंत जुळणारी एक पाटी आहे, ती बर्लिनमध्ये. साधारण 67 सेंटिमीटर उंच. नेबरे हा आराखडे काढणारा चित्रकार. त्याचा मुलगा नख्तआमून मरणाच्या दारात पडला होता. आमूनच्या गाईच्या बाबतीत त्याच्याकडून काही अपराध घडला आणि आमूनने त्याला धरलं, असं बाप सांगतो. पुढे तो सरळ लिहितो: मी म्हणालो, तू माझ्या मुलाला वाचवलंस तर तुझ्या नावाने ही पाटी करीन आणि हे स्तोत्र तिच्या दर्शनी बाजूवर कोरीन. मी असं म्हणालो आणि तू ऐकलंस. आता बघ, म्हणालो होतो तसं करतो आहे.

या लेखात आणखी एक वाक्य आहे, जे मला या सगळ्या वाङ्मयातलं सर्वांत सुंदर वाटतं. सेवकाचा स्वभाव चुकण्याचा, तर स्वामीचा स्वभाव क्षमा करण्याचा. थीब्सचा स्वामी दिवसभर रागावून राहत नाही. त्याचा राग क्षणात सरतो, मागे काही उरत नाही. आजारी मुलाच्या बापाने हे लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचा.

अशा नवसपूर्तीच्या पाट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्यांत बोललेलं काय आणि फेडलेलं काय हे लिहिलेलं नसतं. म्हणून माहितीपट्टीवर सरसकट 'नवसाची पाटी' लिहिणं मला पटत नाही. 'वाहिलेली पाटी' म्हणणं अधिक प्रामाणिक.

मागणं लिहिलेलं नसलं तरी कधी कधी माणसाची सगळी माहिती जुळवली की ते दिसतं. रामोझे हा त्या गावातला नावाजलेला कारकून. दुसऱ्या रामेसिसच्या 5व्या राज्यवर्षी त्याची तिथे नेमणूक झाली. गावात त्याने स्वतःसाठी तीन कबरी बांधल्या, यावरून ऐपत समजते. पण त्याला आणि त्याची बायको मुतेमुइया हिला मूल नव्हतं. त्यांनी कुणाकुणाला पाट्या वाहिल्या पाहा: कादेश ही सिंहावर उभी असलेली नग्न देवी, रेशेप हा सीरियाकडचा लढवय्या देव, आणि प्रजननाचा देव मिन, तिघे एकाच पाटीवर (तीही तुरिनमध्ये आहे), शिवाय बाळंतपणाची राखण करणारी ताउएरेत. परदेशी असो, देशी असो, जिथून आशा तिथे हात जोडले. मूल झालं नाहीच. पुढे त्यांनी केनहेरखेपेशेफ या तरुण कारकुनाला मुलासारखं वाढवलं आणि रामोझेची जागा त्याने घेतली. कुठल्याही एका पाटीवर 'आम्हाला मूल दे' असं वाक्य नाही; पण त्या पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या की वेगळं सांगावं लागत नाही.

भक्ती म्हणजे सज्जनांची मक्तेदारी होती असंही समजू नका. मुकादम पानेब याच्याविरुद्ध वजिराकडे केलेली तक्रार एका पपायरसवर टिकून आहे. राजा दुसरा सेती याच्या कबरीतून चोरी केली, त्याच्या शवपेटीवर बसून दारू प्यायला, गावातल्या बायकांशी गैरवर्तन केलं, माणसांना मारायच्या धमक्या दिल्या, असे आरोप. याच पानेबची मेरेतसेगेरला वाहिलेली पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तीही इतरांसारखीच नम्र. तक्रार करणारा त्याचा वैरी होता हे खरं, पण आरोपांपैकी निम्मे जरी खरे धरले तरी ती पाटी पाहताना माणूस विचारात पडतो.

आता कान. हे कान वाहणाऱ्याच्या दुखऱ्या कानाचे प्रतीक असावेत, असा अंदाज पूर्वी बांधला गेला, आणि काही ठिकाणी तो लागूही पडेल. थीब्सजवळच देइर अल-बहरीला हाथोर या देवीच्या देवळात डोळे, कान, बायकांच्या मूर्ती, लाकडी लिंगं, रंगवलेली कापडं असं ढीगभर सापडलं आहे. तिथल्या एखाद्या कानामागे दुखणं असेलही. पण पाटीवरच्या कानांजवळ लेख असतो तिथे देवाला 'प्रार्थना ऐकणारा' असं संबोधलेलं असतं, आणि कान त्याच्या नावाशेजारी कोरलेले असतात. मेम्फिस या जुन्या राजधानीत प्ताहच्या देवळाच्या आवारात फ्लिंडर्स पेट्री यांना 1908 च्या सुमारास अशा पाट्यांचा साठाच सापडला. काहींवर एकच कान. काहींवर जोड्यांच्या रांगा. एकीवर तीनशेहून अधिक. एवढे कान कुणाचे दुखत नाहीत. देवाला शंभर तोंडांचा गलबला ऐकावा लागतो, त्यात माझं ऐकायचं राहू नये, ही ती तळमळ.

कैरोच्या संग्रहालयात बाई नावाच्या माणसाची पाटी आहे, देइर अल-मदीनाचीच. वर आमूनचे दोन मेंढे समोरासमोर, खाली बाई गुडघे टेकून, आणि त्याच्यासमोर कानांच्या तीन जोड्या वेगवेगळ्या रंगांत रंगवलेल्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं. मला ती फार धीट वाटते. देवाचं पूर्ण रूप काढायला जागा, पैसा, कसब लागतं. ऐकणारा अवयव तेवढा काढला की काम भागतं. त्यातल्या काही पाट्यांवर तर अक्षर नाही, मूर्ती नाही, फक्त कान. लिहितावाचता न येणाऱ्याने कोऱ्या दगडावर दोन कान उमटवून घेतले आणि त्यांच्यात तोंड घालून जे बोलायचं ते बोलला असेल.

यावरून परवडण्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. बॅटिसकोम गन या इजिप्त-अभ्यासकाने 1916 मध्ये नेबरे, नेफेराबू यांच्या लेखांची भाषांतरं प्रसिद्ध करताना त्यांना 'गरिबांचा धर्म' म्हटलं, आणि ते नाव बरीच वर्षं चिकटून राहिलं. लेखात हे लोक स्वतःला गरीब, दुबळे म्हणवतात खरे. पण ती देवापुढची नम्रता आहे, उत्पन्नाचा दाखला नव्हे. गावातल्या साध्या कारागिराला राज्याकडून महिन्याला 4 खार गहू आणि दीड खार बार्ली मिळे. एक खार म्हणजे साधारण 76 लिटर. म्हणजे नुसता गहूच सुमारे 300 लिटर. शिवाय मासे, भाज्या, सरपण, पाणी. फावल्या वेळात एकमेकांच्या शवपेट्या रंगवून वरकमाई. हे गरीब नव्हेत. आणि दगड, हत्यार, हात, तिन्ही त्यांच्या घरचेच.

घडवण्याची रीत हातातल्या दगडावरच दिसते. थीब्सच्या डोंगराची पांढरी, बारीक पोताची चुनखडी. तिचा एक पृष्ठभाग घासून सपाट करायचा. मागची बाजू बहुतेक वेळा तशीच ओबडधोबड, कारण ती भिंतीला किंवा कोनाड्याला टेकणार. लाल गेरूने आराखडा, चूक सापडली तर काळ्याने दुरुस्ती. अपुऱ्या राहिलेल्या पाट्यांवर या दोन्ही रेघा आजही दिसतात. मग तांब्याच्या किंवा ब्राँझच्या छिन्नीने कोरायचं. आकृतीभोवतीचा दगड उतरवून तिला उठाव देण्यापेक्षा आकृतीच आत खोदणं लवकर होतं, म्हणून साध्या पाट्यांवर ती पद्धत जास्त. शेवटी रंग: पुरुषांना तांबडा, बायकांना पिवळा, केसांना काजळीचा काळा, आणि जमलं तर तो सुंदर इजिप्शियन निळा. तिरप्या दिव्यात छिन्नीच्या वारांची दिशा दिसते आणि एकाच पाटीवर दोन हातही ओळखू येतात: देवाचा चेहरा मुरलेल्या माणसाने काढलेला, खालची अक्षरं शिकाऊ पोराने. काही पाट्यांवर नावाची जागा कोरीच राहिली आहे. म्हणजे त्या आधी तयार करून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की नाव घालत. कोऱ्या नावाची पाटी हातात आली की मला हळहळ वाटते. देव आहे, अर्पण आहे, हात वर केलेला माणूस आहे, पण तो कोण, ते कोरायचं राहिलं.

देइर अल-मदीनाबाहेर पाहिलं की चित्र बदलतं, म्हणून एकाच गावावरून सगळा इजिप्त ठरवू नये. अस्युतला 1922 मध्ये जेराल्ड वेनराइट यांना एका जुन्या कबरीत सुमारे 600 पाट्या सापडल्या. जवळच्या कत्तलखान्यामुळे तिला सलखाना कबर म्हणतात. बहुतेक पाट्या वेपवावेत या कोल्ह्याच्या रूपातल्या देवाला वाहिलेल्या. कित्येकींवर कोल्ह्यांच्या रांगाच रांगा. काम पुष्कळदा कच्चं, अक्षरं वेडीवाकडी, दगड लहान. सैनिक आहेत, किरकोळ पदांवरची माणसं आहेत, आणि बायका स्वतःच्या नावाने आहेत. मला या पाट्या देइर अल-मदीनाच्या सुबक पाट्यांइतक्याच मोलाच्या वाटतात, कारण इथे कारागिराचं गाव नाही. इथे माणसाने कुणाकडून तरी, जमेल तशी, पाटी करून घेतली आहे. त्याच देवाला वाहिलेली पातावेरेत नावाच्या माणसाची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या तळाच्या पट्ट्यात मगरीच्या तावडीतून सुटणारा माणूस दिसतो आणि देव त्या मगरीला भाल्याने भोसकतो. देवाची नेहमीची बैठक सोडून स्वतःवर गुदरलेला प्रसंगच कोरून घ्यावा, असं फार थोड्यांनी केलं. नाईलकाठी मगर म्हणजे काय होतं हे त्या एका पट्ट्यातून जितकं कळतं तितकं पानभर वर्णनातून कळणार नाही.

गिझाला स्फिंक्सपुढे पाट्या वाहत. थुटमोस चौथ्याची स्वप्नाची प्रचंड ग्रॅनाइट शिळा तुम्हाला माहीत असेल, ती राजाची. पण सलीम हसन यांनी 1930 च्या दशकात वाळू उपसली तेव्हा सामान्यांच्या लहान पाट्याही पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या काहींवर स्फिंक्सला हौरोन या कनानी (सीरिया-पॅलेस्टाइनकडच्या) देवाच्या नावाने हाक मारली आहे. तिथे राहणाऱ्या परक्या लोकांनी त्या विराट मूर्तीत आपला देव पाहिला, आणि इजिप्तच्या लोकांनी तो स्वीकारलाही. सक्काराच्या सेरापेउममध्ये पवित्र एपिस बैल पुरताना भक्त आपापल्या पाट्या आत लावत; मारिएत यांनी 1851 मध्ये ते भुयार उघडलं. त्यांतल्या पासेनहोर याच्या पाटीवर त्याने आपली वंशावळ दिली आहे, आणि लिबियन वंशाच्या राजांचा क्रम लावताना इतिहासकार आजही तिचा आधार घेतात. बिचाऱ्याला बैलदेवाचा आशीर्वाद हवा होता.

देवाला दिलेलं फेकता येत नसे. जागा भरली की पुजारी वाहिलेल्या वस्तू देवळाच्या आवारातच खड्डा करून पुरत. 1903 पासून जॉर्ज लग्रँ यांनी कर्नाकच्या एका अंगणात असा खड्डा उपसला, त्यातून 700 हून अधिक दगडी पुतळे आणि सुमारे 17,000 ब्राँझच्या मूर्ती निघाल्या. या प्रथेमुळेच आपल्याला एवढं पाहायला मिळतं.

शेवटी माझ्या कामातली एक गोष्ट, कारण तुमच्यासारखे रस घेणारे पाहुणेच ती संग्रहालयांना विचारू शकतात. थीब्सच्या चुनखडीत मीठ असतं. कोरड्या वाळवंटात ते झोपलेलं राहतं. दमट शहरात आणलं की हवेतल्या ओलाव्याने विरघळतं, पुन्हा स्फटिक बनतं आणि पृष्ठभागाची पापुद्रं उचलतं. पूर्वी मीठ काढायला पाट्या पाण्यात बुडवून ठेवत. त्यात रंग गेला, आणि ज्या दगडात चिकणमातीचे कण होते त्याचे थर सुटले. आता आर्द्रता स्थिर ठेवणं आणि हात न लावणं हाच पहिला उपाय मानतात. तुम्ही पाहिलेल्या पाटीच्या काचपेटीत आर्द्रतामापक ठेवलेला असेल तर तो याचसाठी. पुढच्या खेपेला जाल तेव्हा तिथल्या माणसाला पाटीची मागची बाजू आणि बूड यांचे फोटो आहेत का ते विचारा. बुडाला खुंटीसारखा भाग असेल तर ती चौथऱ्यात रोवलेली होती, मागे चुन्याचा लगदा चिकटलेला असेल तर कोनाड्यात बसवलेली. जागेची नोंद हरवलेल्या पाटीबद्दल एवढं तरी दगड स्वतः सांगतो. आणि कानांच्या खाली अगदी बारीक, उथळ अक्षरं आहेत का तेही बाजूने वाकून पाहा. समोरून पडणाऱ्या उजेडात ती हटकून सुटतात, आणि नाव असलंच तर तिथेच असेल.